चर्क ते हॉर्सशू फॉल्स: पाण्याच्या उलट दिशेने दोन दिवस

कालव्याचे पाणी सहसा उभेच असते. वेल्सच्या ईशान्य कडेला, इंग्लंडच्या सीमेला खेटून असलेला लँगोलेनचा कालवा याला अपवाद आहे. याचे पाणी सावकाश, पण डोळ्यांना दिसेल असे वाहते. डी नदीवर हॉर्सशू फॉल्स नावाचा बंधारा आहे. तिथून उचललेले पाणी कालव्याने इंग्लंडातल्या हर्ल्स्टनच्या जलाशयापर्यंत जाते आणि पुढे चेशायरमधल्या घरांच्या नळाला येते. रोजचे प्रमाण पाच कोटी लिटरच्या आसपास आहे. नवख्या माणसाला वाट दाखवायला हा प्रवाह पुरेसा आहे. चर्कहून निघा आणि पाणी समोरून येत राहील असे चाला. पाणी समोरून येत असेल तर वाट बरोबर. पाणी थबकलेले दिसले तर तुम्ही चुकलात. ही चूक नेमकी कुठे होते ते पुढे येईलच.

दोन दिवसांच्या या चालण्यात दोन जलसेतू, दोन बोगदे, एक नांदता किल्ला, एक पडका किल्ला, एक मध्ययुगीन मठ आणि जमल्यास तिसऱ्या दिवशी एक मोठे तळे येते. कालव्याचा हा १८ किलोमीटरचा पट्टा २००९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. सगळ्या पट्ट्यात एकही लॉक, म्हणजे बोट खालीवर करणारी पाण्याची दारे, नाही. बांधणाऱ्यांनी कालवा डोंगराच्या कडेने एकाच पातळीत फिरवला आणि जिथे दरी आडवी आली तिथे पूल घातला. त्यामुळे पहिल्या दिवशी चढउतार जवळपास शून्य. गुडघे कुरकुरणाऱ्यांना आणि इंग्लंडात मुलांकडे आलेल्या आई-बाबांनाही हा रस्ता झेपतो, फक्त अंतर अर्धे करावे लागते.

निघण्याआधी

चर्क हे स्टेशन श्रूजबरी ते चेस्टर या मार्गावर आहे. बर्मिंगहॅमहून या मार्गाने थेट जाणाऱ्या गाड्या मिळतात. मँचेस्टर किंवा लिव्हरपूलहून येणाऱ्यांनी चेस्टरला गाडी बदलावी. लँगोलेनला मात्र नेहमीच्या रेल्वेचे स्टेशन नाही. तिथे दिसते ती हौशी मंडळींनी जपलेली जुनी वाफेची गाडी, आणि तिचा परतीला उपयोग नाही. परतताना टी ३ क्रमांकाची बस धरून रुआबॉन स्टेशन गाठायचे. हीच बस रेक्सम, रुआबॉन, ट्रेव्हर, लँगोलेन, बाला अशी जाते, त्यामुळे मध्येच थकलात तर ट्रेव्हरलाही ती सापडते. रविवारी फेऱ्या कमी असतात. जाताना स्टॉपवरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा.

नकाशा कागदी घ्या. ऑर्डनन्स सर्व्हेच्या एक्सप्लोरर मालिकेतले २५५ आणि २५६ हे दोन क्रमांक या भागाला पुरतात. प्रमाण १ : २५,०००, म्हणजे नकाशावर ४ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर. हिरव्या तुटक रेषा या सार्वजनिक हक्काच्या पायवाटा. त्या खासगी शेतातून गेल्या तरी तुम्हाला जायचा हक्क आहे. काळ्या तुटक रेषांवर तसा हक्क गृहीत धरू नका. शेताच्या फाटकावर पिवळा बाण दिसला तर ती फक्त पायी चालणाऱ्यांची वाट. निळा बाण असेल तर घोडे आणि सायकलीही येतील. वेल्श पाटीवर ‘ह्लुइबर कहोएडीस’ असे काहीतरी लिहिलेले असते, त्याचा अर्थ ‘सार्वजनिक पायवाट’ इतकाच.

उच्चारांचे जरा बघून घ्या, नाहीतर बसच्या ड्रायव्हरला गावाचे नाव कळणार नाही. वेल्शमध्ये दोन ‘एल’ जोडून आले की जीभ ‘ल’च्या जागी टेकवायची आणि आवाज न काढता कडेने हवा फुंकायची. ‘ह्ल’च्या जवळ जाणारा ध्वनी येतो, म्हणून लँगोलेन हे खरे ‘ह्लान-गोह्लेन’. एकटा ‘एफ’ म्हणजे ‘व’. म्हणूनच नकाशावर ‘फ्रॉन’ दिसणाऱ्या गावाला स्थानिक ‘व्रॉन’ म्हणतात.

सामान थोडेच लागते, पण नेमके लागते. कालव्याच्या काठाला पकड असलेले साधे बूट चालतात. दुसऱ्या दिवशीच्या किल्ल्याला खोल खाचांचे तळ हवेत, कारण तिथली वाट गवताची आहे. जीन्स नको, भिजली की ती दिवसभर वाळत नाही. पातळ, लवकर वाळणारे थर आणि वरून पाऊस-वारा अडवणारे जाकीट घ्या. छत्री घरीच ठेवा, जलसेतूवर ती उलटी होते आणि मागच्याच्या डोळ्यात जाते. माणशी दीड लिटर पाणी. कालव्याचे पाणी शेवटी नळाला जात असले तरी ते शुद्धीकरणानंतर, तेव्हा ओंजळ भरायचा मोह नको. एक टॉर्च हवाच, कपाळाला बांधायचा असेल तर उत्तम. पोळीची गुंडाळी नाहीतर थालीपीठ डब्यात असेल तर पबचे स्वयंपाकघर दुपारी बंद झाले म्हणून उपाशी राहायची पाळी येत नाही.

दिवस कुठला निवडता यावर बरेच अवलंबून आहे. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये चारलाच अंधारते. एप्रिल अखेर ते सप्टेंबर हा सोयीचा काळ. जुलैत लँगोलेनमध्ये आंतरराष्ट्रीय संगीत आयस्टेडवॉड, म्हणजे वेल्श धर्तीचा संगीत महोत्सव, भरतो, १९४७ पासून. त्या आठवड्यात गावात खोली मिळणे कठीण आणि मिळालीच तर महाग.

पहिला दिवस: चर्क ते लँगोलेन, सुमारे १५ किलोमीटर

स्टेशनबाहेर आलात की कालवा जवळच, पण खाली खोल चरात आहे. उतरण्याची वाट शोधून काठावर या. इथे बहुतेक जण घाईने उत्तरेला, ट्रेव्हरकडे वळतात. तसे करू नका. आधी दक्षिणेकडे, म्हणजे बोगद्यात जा. पाणी इथे तुमच्याबरोबर वाहील. थोडा वेळ नियम मोडायला हरकत नाही.

चर्कचा बोगदा ४२१ मीटर लांब आहे. आत दिवे नाहीत. एका बाजूला पाणी, एका बाजूला विटांची भिंत, मध्ये एका माणसापुरती वाट आणि हाताला ओलाचिंब कठडा. मधोमध दोन्हीकडचा उजेड नाण्याएवढा होतो आणि पायाखाली डबकी येतात. मोबाइलचा टॉर्च चालतो, पण मग एक हात अडकतो आणि कठड्याला एकच उरतो. समोरून कोणी आले तर ज्याच्याजवळ कोनाडा किंवा तोंड आहे त्याने थांबावे. समोरून बोटीचा दिवा दिसला तर घाबरू नका, ती पाण्यात आहे आणि तुम्ही वाटेवर, फक्त तिची लाट वाटेवर थोडी येते.

बोगदा संपला की लगेच चर्कचा जलसेतू. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप या इंजिनिअरांच्या हाताखाली तो १८०१ साली पुरा झाला. लांबी सुमारे २२० मीटर, उंची २१ मीटर, दहा कमानी. खाली केरिऑग नदी आणि नदी हीच देशाची सीमा, तेव्हा पुलाच्या पलीकडच्या टोकाला तुम्ही इंग्लंडात असता. शेजारचा, याहून उंच पूल रेल्वेचा. तो जवळपास पन्नास वर्षांनी आला आणि कालव्याचा धंदा त्यानेच खाल्ला. पलीकडे जाऊन परत या आणि बोगद्यातून पुन्हा स्टेशनपाशी. या फेरीला दोन किलोमीटर आणि पाऊण तास धरा.

चर्कचा किल्ला बघायचा असेल तर आत्ताच ठरवा. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या काळात काम सुरू झाले आणि १२९५ ते १३१० च्या दरम्यान रॉजर मॉर्टिमरने तो उभारला. १५९५ साली थॉमस मिडल्टनने पाच हजार पौंडांना विकत घेतला आणि आता तो जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. गोल, बुटके, जाडजूड बुरूज आणि आत महाल. आपल्याकडच्या गढीची आठवण होते, फक्त आकार मोठा. स्टेशनपासून साधारण अडीच किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन पाच, आणि आत फिरायला दीड-दोन तास. हे सगळे करून संध्याकाळपर्यंत लँगोलेन गाठायचा हट्ट धरला की दिवस कोसळतो. किल्ला हवा असेल तर पहिला दिवस ट्रेव्हरला संपवा आणि बसने लँगोलेनला जा.

आता उत्तरेला चाला, पाणी समोरून येऊ द्या. वाटेत व्हाइटहाउसेसचा दुसरा बोगदा लागतो, १७५ मीटरचा. पहिला पार केल्यावर हा किरकोळ वाटतो. काठाने चालायचे काही संकेत आहेत. सायकलची घंटा ऐकू आली तर झुडपांच्या बाजूला सरका, पाण्याच्या बाजूला कधीच नाही. बांधलेल्या बोटींच्या खिडक्यांतून आत डोकावू नका, ती लोकांची घरे आहेत. बोटीचे दोर लोखंडी खुंटीला बांधून वाटेच्या कडेला ताणलेले असतात, गप्पा मारत चालणारे त्यांतच अडखळतात. प्रत्येक पुलावर क्रमांकाची पाटी असते. पुलाखालून जाताना तो क्रमांक मनात ठेवा, पाय मुरगळला आणि ९९९ ला फोन करावा लागला तर ‘ट्रेव्हरच्या अलीकडे कुठेतरी’ या पत्त्यापेक्षा पुलाचा क्रमांक हजारपट उपयोगी.

स्टेशनपासून सुमारे सहा किलोमीटरवर व्रॉनकसह्ल्टे गाव आणि त्यापुढे ज्यासाठी जगभरातून लोक येतात तो पॉन्टकसह्ल्टे जलसेतू. इथे थांबा आणि मगच पुढे जा.

जलसेतूची रचना कळली की भीती निम्मी होते. दगडाचे १८ खांब, वरच्या भागात पोकळ, त्यांच्यावर बिडाच्या कमानी आणि त्यांच्यावर बिडाचीच लांबच लांब पन्हळ. लांबी ३०७ मीटर, नदीपासून उंची ३८ मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारत. २६ नोव्हेंबर १८०५ रोजी हा सेतू सुरू झाला. पन्हळ साडेतीन मीटरहून थोडी रुंद आहे आणि तुम्ही चालता ती वाट पन्हळीच्या आतच, पाण्यावर तोललेली आहे. त्यामुळे बोट जाते तेव्हा तिने ढकललेल्या पाण्याला वाटेखालून मागे जायला जागा मिळते. वाटेच्या बाहेरच्या कडेला लोखंडी कठडा आहे. समोरच्या, बोटीच्या बाजूला काहीच नाही. पन्हळीची कड पाण्यावर वीतभर आणि त्यापलीकडे थेट दरी. बोटीतल्यांना पाय जमिनीवर नाहीतच असे वाटते ते यामुळे.

पार करताना लहान मूल कठड्याच्या बाजूला नको, तुमच्या हातात हवे. नजर खाली न टाकता समोरच्या टोकाच्या झाडांवर ठेवा. मधोमध फोटोसाठी थांबलात तर मागे रांग लागते, कारण दोन माणसे एकमेकांना ओलांडताना खांदे घासतात. पाठीची सॅक फुगलेली असेल तर पुढे घ्या. सुट्टीच्या दिवशी अकरा ते तीन गर्दी असते. सकाळी नवाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर पूल जवळपास रिकामा. वारा जोराचा असेल तर टोपी खिशात.

उंचीची खरोखर भीती असणाऱ्याने जबरदस्तीने जाऊ नये. व्रॉनकडून दरीत उतरा, डी नदीवरचा सतराव्या शतकातला दगडी पूल ओलांडा आणि पलीकडे ट्रेव्हरला चढा. पूल अरुंद आहे आणि त्यावर गाड्याही येतात, तेव्हा एका ओळीने. यात अर्धा तास जास्त जातो. पण खरे सांगायचे तर जलसेतू नीट दिसतो तो खालूनच. वरून चालणाऱ्याला फक्त दरी दिसते. वेळ असेल तर वरून जा आणि मग खाली उतरून मान वर करून बघा.

आता ती चूक. जलसेतू संपला की समोर ट्रेव्हरचे बेसिन येते. पाणी रुंद, बोटी बांधलेल्या, माणसांची वर्दळ. नवखा माणूस सरळ पुढे जातो आणि थोड्या वेळात वाट संपते. मूळ बेत कालवा पुढे रेक्समकडून मर्सी नदीला जोडण्याचा होता. तो तुकडा झालाच नाही आणि हे टोक तसेच राहिले. इथले पाणी थबकलेले आहे. लँगोलेनचा फाटा डावीकडे फुटतो. बेसिनवरचा पूल ओलांडून त्या फाट्याच्या काठावर या. दहा पावले चालून पाण्यात वाळलेले पान बघा. ते तुमच्याकडे येत असेल तर वाट सापडली. पुढे जाण्याआधी शौचालय आणि खाणेपिणे इथेच उरकून घ्या, पुढे लँगोलेनपर्यंत सोय विरळ आहे.

ट्रेव्हर ते लँगोलेन साडेसहा-सात किलोमीटर. हा फाटा मुळात पाणी आणण्यासाठी खणला, १८०८ साली पुरा झाला, म्हणून तो अरुंद आहे आणि प्रवाह जास्त जाणवतो. काही ठिकाणी एकच बोट मावते. अशा जागी समोरून दुसरी बोट येते का हे बघायला बोटीवरचा एक जण काठाने पळत जातो, त्याला वाट द्या. उजव्या हाताला टेकडीवर मोडका किल्ला दिसू लागला की गाव जवळ आले. तोच उद्याचा.

दुसरा दिवस: दिनास ब्रानचा किल्ला, मग बंधारा

किल्ला सकाळी करा. दुपारी ढग खाली आले की वर काहीच दिसत नाही. गावातल्या बोटींच्या धक्क्यापासून कालव्यावरचा पूल ओलांडला की शाळेच्या कडेने वाट सरळ वर निघते. पाट्या आहेत. फाटके एकेका माणसाने वळून जाण्याची आहेत. साधे फाटक उघडलेत तर बंद करा, आत मेंढ्या आहेत. चढ सव्वादोनशे मीटरच्या आसपास, म्हणजे सिंहगडाच्या निम्माही नाही. पण शेवटचा टप्पा उभा आहे आणि वर पाणी, टपरी, सावली यांतले काहीही नाही. चढायला तासभर द्या. हिशेबाचा नियम असा: सपाटीला ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हा चपळ माणसाचा वेग झाला, नवख्याने त्याचे दीडपट करावे.

वर मध्ययुगीन वेल्श राजपुत्रांचा किल्ला आहे. पॉविस वादोग या वेल्श राज्याच्या घराण्याने तो १२६० च्या दशकात बांधला असे मानतात. १२७७ साली इंग्रज फौजा आल्या तेव्हा आतल्या लोकांनी तो शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून स्वतःच जाळला. जेमतेम काही वर्षांचे आयुष्य. कातळात खोदलेला खंदक नीट बघा. खणून निघालेला दगड भिंतीला लावला, आपल्याकडे टाक्यांच्या दगडातून तटबंदी उभी राहते तसाच हिशेब. भिंतींवर चढू नका, चुना सुटलेला आहे. तिकीट नाही, वेळेचे बंधन नाही.

घसरण्याचे प्रसंग उतरताना येतात. ओले गवत आणि मेंढ्यांच्या लेंड्या यांवर चपटा तळ टिकत नाही. थेट खाली जाणारी गवताची पट्टी जवळची वाटते. ती सोडा आणि नागमोडी वाटच धरा. उतरल्यावर पायांवर आणि मोज्यांच्या कडेला गोचीड चिकटली आहे का बघा. दिसलीच तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे वर्तुळासारखा लाल चट्टा वाढू लागला तर डॉक्टरांकडे जा.

दुपारी धक्क्यापासून कालव्याने पश्चिमेला तीन किलोमीटर. हंगामात इथे घोडा बोट ओढताना दिसतो, ही प्रथा १८८४ पासून आहे. घोडा काठावर, बोट पाण्यात आणि दोघांमध्ये लांब दोर. घोडा पुढे गेला म्हणून वाटेवर परत येऊ नका, मागून येणारा दोर गुडघ्याच्या उंचीवर वाट झाडत जातो. झुडपांना पाठ लावून दोर आणि बोट दोन्ही निघून जाऊ द्या.

पेन्ट्रेव्हेलिनपाशी मठाकडे फाटा काढता येतो. व्हॅले क्रुसिस हा सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ १२०१ चा, १५३७ मध्ये बंद झाला. चर्चची पश्चिमेची भिंत अजून उभी आहे आणि मागे साधूंचे मासे पाळण्याचे तळे आहे. मुख्य रस्ता जवळचा असला तरी गाड्या वेगात असतात आणि कडेला चालायला जागा बेताची, म्हणून नकाशातली हिरवी वाट शोधा. उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी तपासा.

बंधाऱ्याशी पोचल्यावर अनेकांचा हिरमोड होतो, कारण नावात ‘फॉल्स’ आहे आणि समोर धबधबा नाही. नालेच्या आकाराची, सुमारे १४० मीटर लांबीची, बुटकी दगडी ओळ नदीत आडवी आहे. तिच्यावरून पाणी काचेसारखे पसरते. कडेच्या छोट्या घरातून मोजून पाणी कालव्यात सोडले जाते. दोन दिवस ज्याच्या उलट चाललात ते पाणी इथून निघते. बंधाऱ्यावर उतरू नका, शेवाळ आहे. परत यायला तोच काठ.

तिसरा दिवस मिळाला तर

हीच नदी वर बाला गावच्या तळ्यातून येते. ह्लिन तेगिद हे वेल्समधले सर्वात मोठे नैसर्गिक तळे, लांबी सहा किलोमीटरच्या आसपास. टी ३ बसने लँगोलेनहून साधारण तासाभरात बाला. गावात नॉर्मन काळातला मातीचा उंचवटा आहे, त्यावर एके काळी लाकडी गढी होती. सरळ रेषेतला मुख्य रस्ता चौदाव्या शतकातल्या आखणीचा. काठावर दहा मिनिटांत पोचता. उत्तर काठाने मोठा रस्ता जातो, त्याला फिरण्याची वाट समजू नका. दक्षिण काठाने हंगामात छोटी रेल्वे धावते, ती चांगली. परतीच्या बसला मात्र हात दाखवावा लागतो. स्टॉपवर नुसते उभे राहिलात तर ती निघून जाऊ शकते, आणि संध्याकाळी पुढची बस बराच वेळ नसते.